कोविडने आई-वडील हिरावलेली मुले: आकडे इतके वेगवेगळे का आणि मदत नेमकी कुठे थांबते

कोविडच्या साथीत आई, वडील किंवा दोघेही गमावलेली भारतातील मुले किती, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला आजवर तीन अगदी वेगळी उत्तरे मिळाली आहेत. ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ या केंद्राच्या योजनेत ९,३३१ अर्ज आले आणि त्यांपैकी ४,५३२ मंजूर झाले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेला आकडा १,४७,४९२ इतका होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘जामा पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतासाठी सुमारे ३५ लाखांचा अंदाज मांडला. साडेचार हजार, दीड लाख आणि पस्तीस लाख हे आकडे एकाच देशाबद्दल आणि एकाच साथीबद्दल आहेत, हे वाचल्यावर कोणीतरी खोटे बोलत असावे असेच सामान्य वाचकाला वाटते.

प्रत्यक्षात हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि कोणाला मोजायचे हे ठरवणारी रेघच पुढे मदत कोणाला मिळेल हेही ठरवते. म्हणून हा विषय केवळ आकडेतज्ज्ञांचा नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तेरा वर्षांचे असलेले मूल २०२६ मध्ये अठरा वर्षांचे होते, आणि बालकांसाठीच्या बहुतेक योजना त्याच वाढदिवसाला संपतात. साथ विस्मरणात जात असताना या मुलांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड टप्पा सुरू होत आहे.

मोजायचे कोणाला?

युनिसेफच्या व्याख्येनुसार, अठरा वर्षांखालील ज्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक अथवा दोघेही मरण पावले आहेत ते मूल अनाथ मानले जाते. एचआयव्ही-एड्सच्या साथीने लाखो कुटुंबे मोडली, त्या काळात ही व्यापक व्याख्या रूढ झाली, कारण एक पालक गेला तरी घराची घडी विस्कटते असा अनुभव सर्वत्र येत होता. आपला २०१५ चा बाल न्याय कायदा मात्र ज्याला जन्मदाते किंवा दत्तक आई-वडील नाहीत आणि कायदेशीर पालकही नाही, किंवा असलेला पालक सांभाळ करण्यास तयार वा समर्थ नाही, अशाच मुलाला अनाथ म्हणतो. या लेखात गोंधळ टाळण्यासाठी दोघेही गमावलेल्या मुलांना पूर्ण अनाथ म्हणू आणि एकाला गमावलेल्यांना एकल पालकाची मुले म्हणू.

याखेरीज तिसरा गट आहे, आणि तो कोणत्याही सरकारी यादीत सहसा दिसत नाही. आई-वडील दोघेही हयात आहेत, परंतु मुलाला प्रत्यक्षात वाढवणारी आजी किंवा आजोबा साथीत गेले, अशी ही मुले आहेत. आई-वडील ऊसतोडणीला किंवा बांधकामावर सहा-सहा महिने बाहेर असतात आणि मूल आजीजवळ राहून शाळा शिकते, हे महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांतले नेहमीचे चित्र आहे. अशा घरात आजी गेली की मुलाची शाळाच सुटते. आंतरराष्ट्रीय अभ्यासांनी या सांभाळकर्त्यांच्या मृत्यूचाही हिशेब धरला आहे, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते.

आता आयोगाच्या आकड्याकडे पाहू. १,४७,४९२ पैकी १०,०९४ मुले पूर्ण अनाथ होती, १,३६,९१० एकल पालकाची होती आणि ४८८ टाकून दिलेली होती. म्हणजे शंभरांतील सुमारे त्र्याण्णव मुलांचा एक पालक हयात होता. राज्यांमध्ये ओडिशा २४,४०५ मुलांसह पहिला आणि महाराष्ट्र १९,६२३ मुलांसह दुसरा होता. केंद्राची मोठी योजना मात्र पूर्ण अनाथांपुरती असल्यामुळे तिचा आकडा साडेचार हजारांवर थांबतो. पहिल्या दोन आकड्यांतला फरक मुख्यतः इथेच आहे.

न मोजलेल्यांचा अंदाज कसा बांधतात?

तिसरा, पस्तीस लाखांचा आकडा कोणाच्याही नोंदवहीतून आलेला नाही. तो गणिताने काढलेला आहे, आणि ते गणित समजायला ‘अतिरिक्त मृत्यू’ ही एकच संकल्पना पुरेशी आहे. साथ नसती तर त्या काळात जितके मृत्यू झाले असते, त्याहून प्रत्यक्षात जितके जास्त झाले त्यांना अतिरिक्त मृत्यू म्हणतात. घराचे वीजबिल दर महिन्याला साधारण सारखे येत असेल आणि एका महिन्यात ते अचानक दुप्पट आले, तर कोणते उपकरण किती वेळ चालले हे कोणी लिहून ठेवलेले नसले तरी जादा वीज खर्च झाली एवढे नक्की कळते. अतिरिक्त मृत्यूंचे तसेच आहे. त्यांत चाचणी होऊन कोविडने गेलेले येतात, चाचणीविना घरीच गेलेले येतात, आणि रुग्णालयात खाट न मिळाल्याने हृदयविकाराने किंवा बाळंतपणात दगावलेलेही येतात. मुलाच्या दृष्टीने या तिघांत काहीच फरक नसतो.

दुसरी पायरी जन्मदराची आहे. अमुक वयाच्या पुरुषाला किंवा स्त्रीला अठरा वर्षांखालील सरासरी किती मुले असतात, हे लोकसंख्येच्या पाहणीतून ठाऊक असते. चाळिशीतले इतके पुरुष जादा मरण पावले, त्या वयाच्या पुरुषाला सरासरी इतकी लहान मुले असतात, म्हणून इतक्या मुलांचे वडील गेले असावेत, असा हा हिशेब वयोगटागणिक केला जातो. एकाच घरातले आई-वडील दोघेही गेले तर ते मूल दोनदा मोजले जाऊ नये, याची वजाबाकीही त्यात असते.

या पद्धतीने ‘लॅन्सेट’ मध्ये जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या अभ्यासाने मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांत जगभरात आई, वडील किंवा सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावलेल्या मुलांची संख्या ११ लाखांहून अधिक असल्याचे मांडले. पेरूमध्ये हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे दर हजार मुलांमागे दहा इतके होते. पुढे मृत्यूंचे आकडे सुधारत गेले तसा अंदाजही वाढला. ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत तो ५२ लाखांवर, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे अतिरिक्त मृत्यूंचे आकडे हाती आल्यावर मे २०२२ पर्यंतच्या काळासाठी एक कोटी पाच लाखांवर गेला. भारताचा पस्तीस लाखांचा आकडा या शेवटच्या अंदाजातला आहे.

मग हा आकडा फुगवलेला नाही कशावरून?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो खुद्द भारत सरकारने घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, तेव्हा त्या काळातील अधिकृत कोविडमृत्यू सुमारे ४ लाख ८० हजार होते. सरकारने त्या अंदाजाची पद्धतच अमान्य केली, आणि अनाथ मुलांच्या अंदाजांवरही असाच आक्षेप नोंदवला. अंदाजात चूक असू शकते हे खरे आहे. जन्मदराची सरासरी ही सरासरीच असते, आणि ज्या देशात सगळे मृत्यू वेळेवर नोंदले जात नाहीत तिथे ‘नेहमीचे’ मृत्यू किती हेच आधी अंदाजाने ठरवावे लागते.

परंतु दीड लाख हाच खरा आकडा, असेही म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण आयोगाच्या यादीतच आहे. ‘बाल स्वराज’ या संकेतस्थळावर जिल्ह्यांनी भरलेल्या त्या यादीत १ एप्रिल २०२० नंतर कोणत्याही कारणाने पालक गमावलेली मुले घेतलेली होती. कोविडची अट नव्हती. साथ नसलेल्या वर्षातही या देशात तरुण आणि मध्यमवयीन माणसांचे लक्षावधी मृत्यू होतात आणि त्यांतल्या अनेकांना लहान मुले असतात. सर्व कारणे मिळून पावणेदोन वर्षांत देशभरात केवळ दीड लाख मुले सापडली असतील, तर शोध अपुरा होता एवढाच त्याचा अर्थ निघतो. अंगणवाडी सेविकांनी आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी फिरून ज्या भागांत यादी केली तिथे मुले सापडली, आणि जिथे कोणी विचारायला गेले नाही तिथे ती यादीत आलीच नाहीत. नक्की आकडा दीड लाखाच्या किती वर आहे याबद्दल मतभेद होऊ शकतात. तो वर आहे याबद्दल मला शंका वाटत नाही.

वडील गेलेली मुले अधिक का?

जगभरातल्या अभ्यासांत एक गोष्ट सातत्याने आढळली: पालक गमावलेल्या चार मुलांपैकी सुमारे तिघांनी वडील गमावले होते. कोविडने पुरुष अधिक दगावले हे एक कारण. दुसरे असे की बहुतेक समाजांत नवऱ्याचे वय बायकोपेक्षा जास्त असते, आणि या आजारात वयाबरोबर धोका झपाट्याने वाढत होता. वयाचा विचार केला तर तीनपैकी दोन मुले दहा ते सतरा या वयोगटातली होती, कारण जास्त वयाच्या पालकांची मुलेही मोठी असतात.

या दोन निरीक्षणांचा परिणाम फार मोठा आहे. साथीतल्या पोरक्या मुलाचे जे चित्र आपल्या मनात उमटते ते पाळण्यातल्या, कोणीच उरले नाही अशा बाळाचे असते. सरासरी मूल मात्र सातवी-आठवीत शिकणारे, आईबरोबर राहणारे आणि घरातला मिळवता हात गेलेले असे आहे. पहिल्या बाळाला नवे घर हवे असते. दुसऱ्याला त्याचे आहे तेच घर टिकायला हवे असते. धोरणाचा भर पहिल्यावर राहिला, आणि दुसरे संख्येने कितीतरी अधिक असूनही मागे पडले.

आई आहे ना, मग अडचण कोणती?

हा प्रश्न कार्यालयांच्या खिडक्यांवर अनेक विधवांना ऐकावा लागला आहे. त्याचे उत्तर घरातल्या घटनांच्या क्रमात सापडते. वडील आजारी पडले तेव्हा खासगी रुग्णालयासाठी सोने गहाण पडले, नातेवाइकांकडून उसने आले, बचत गटाचे किंवा छोट्या कर्जकंपनीचे कर्ज निघाले. त्यानंतर मृत्यू झाला, म्हणजे कर्ज फेडणारी कमाईच थांबली आणि हप्ते मात्र चालू राहिले. खाते वडिलांच्या नावे असेल तर वारसाचा दाखला मिळेपर्यंत त्यातले पैसे निघत नाहीत. घर भाड्याचे असेल तर ते सोडून आई मुलांना घेऊन माहेरी जाते, आणि शाळेची थकलेली फी भरल्याशिवाय दाखला देणार नाही असे जुनी शाळा सांगते, म्हणून नव्या गावात मुलाचा प्रवेश लांबतो. फीसाठी दाखला अडवणे नियमाला धरून नाही, परंतु नुकत्याच नवरा गेलेल्या बाईने शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करत बसावे अशी अपेक्षा कोणी करावी?

यापुढचे निर्णय मुलांच्या वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी यावर ठरतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एखाद्या गॅरेजवर किंवा शेतात कामाला लागतो आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव तसेच राहते. त्याच वयाच्या मुलीचे लग्न लवकर उरकण्याची घाई सुरू होते, कारण बाप नसलेली मुलगी ही जबाबदारी आहे असे आजूबाजूचे बोलू लागतात. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हा आहे आणि ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे अनेक गावांत ठाऊकच नसते.

मदत कोणती आहे आणि ती कुठे थांबते?

‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ २९ मे २०२१ रोजी जाहीर झाली. ११ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळात कोविडमुळे आई-वडील दोघेही, किंवा एक आधीच गेलेला असताना उरलेला पालक, किंवा कायदेशीर पालक गमावलेल्या मुलांसाठी ती आहे. प्रत्येक मुलाच्या नावे अशी ठेव केली जाते की अठराव्या वर्षी ती दहा लाखांची होईल; अठरा ते तेवीस या काळात तिच्यातून दरमहा विद्यावेतन मिळते आणि तेविसाव्या वर्षी मूळ रक्कम हाती येते. पाच लाखांचा आरोग्य विमा आणि शिक्षणासाठीची मदतही तिच्यात आहे. महाराष्ट्राने जून २०२१ मध्ये पूर्ण अनाथ मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात कृती दल नेमले. या योजना चांगल्या आहेत. पण त्या शंभरांतल्या सातांसाठी आहेत.

उरलेल्या त्र्याण्णवांसाठी महाराष्ट्रात सर्वांत उपयोगी ठरलेली योजना म्हणजे बालसंगोपन योजना, जी आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. ही साथीच्या आधीपासूनची आहे आणि तिच्यात एकल पालकाची मुलेही बसतात. साथीच्या काळात तिच्यातून मुलामागे दरमहा १,१०० रुपये मिळत; २०२३ मध्ये ही रक्कम २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. ही समिती म्हणजे बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात असलेली आणि काळजीची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देण्याचा अधिकार असलेली यंत्रणा होय. अडचण अशी की मंजुरीचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. अनुदान उशिरा येण्याच्या तक्रारीही वारंवार झाल्या आहेत. महिन्याचा किराणा ज्या रकमेवर ठरतो ती रक्कम सहा महिन्यांनी एकदम मिळाली, तर मधल्या काळातले कर्ज फेडण्यातच ती संपते.

विधवा मातांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, जिच्यात २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. मात्र तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये, तीही पूर्ण वर्षाची, अशीच राहिली. दिवसाची शेतमजुरी धरली तरी दोन मुलांना जगवणारी कोणतीही बाई प्रामाणिकपणे या मर्यादेत बसू शकत नाही, आणि गरजू बाईला खोटा दाखला आणायला लावणारी अट अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मृत्यूचा कागद इतका महत्त्वाचा का ठरला?

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना सानुग्रह मदत देण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर ती रक्कम ५०,००० रुपये ठरली. चाचणीत कोविड आढळल्यापासून तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू, रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोविडमृत्यू धरायचा असे नियमात नमूद झाले. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना न्याय मिळाला. परंतु एप्रिल आणि मे २०२१ मध्ये जिथे चाचणीची रांगच दोन दिवसांची होती, तिथे चाचणीआधीच घरी गेलेल्या माणसाच्या कुटुंबाकडे दाखवायला काहीच नव्हते. मृत्यू प्रमाणपत्र होते, पण कोविडचा पुरावा नव्हता. या तक्रारींसाठी जिल्हास्तरावर समित्या नेमल्या गेल्या, तरीही कागद नसलेल्याला समितीपुढे उभे राहणे कठीणच गेले. ज्या घरी कागद अपुरे, तीच घरे बहुतेक वेळा गरीब, दूरची आणि अल्पशिक्षित होती. म्हणून मदतीची अट मृत्यूच्या कारणाला बांधण्याऐवजी मुलाच्या सद्यस्थितीला बांधावी, ही मागणी मला रास्त वाटते.

काका-मामा आहेत, मग सरकार मध्ये कशाला?

नातेवाइकांनी हजारो मुलांना सांभाळले आहे आणि त्यांच्याविना ही मुले उघड्यावर आली असती, याची जाणीव ठेवूनच पुढचे म्हणतो. सांभाळणारे नातेवाईकही बहुधा त्याच आर्थिक स्तरातले असतात, आणि वाढलेल्या तोंडांना घास घालताना त्यांच्या स्वतःच्या मुलांचा वाटा कमी होतो. बालसंगोपनाचे अनुदान अशा घरांसाठीच आहे. ते घेण्यात नात्याचा अपमान नाही.

दुसरी बाब मालमत्तेची आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. हिंदू वारसा कायद्यानुसार, जो बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांनाही लागू आहे, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा समान हिस्सा असतो. गावाकडे तलाठ्याकडे वारस नोंद झाली की सातबाऱ्यावर अल्पवयीन मुलांची नावे पालनकर्त्याच्या उल्लेखासह लागतात. जिथे ही नोंद झालीच नाही तिथे जमीन एकट्या दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावे जाते, आणि ‘पोरं मोठी झाली की बघू’ असे सांगितले जाते. मुलाच्या स्वतंत्र हिश्श्याची स्थावर मालमत्ता त्याची आईसुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्याला ही तरतूद तशीच लागू होत नसल्यामुळे, वाटणी नोंदवलेली आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे ठरते. हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी प्रत्येक विधवेने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन मोफत कायदेशीर सल्ला घ्यावा. हा सल्ला स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

मुले दत्तक द्यायला काय हरकत?

मे २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर अशा मुलांची छायाचित्रे आणि दूरध्वनी क्रमांक देऊन ‘दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी संपर्क साधावा’ असे संदेश फिरत होते. बहुतेकांनी ते कळवळ्यापोटीच पुढे पाठवले असतील, परंतु मुलांच्या तस्करीला याहून सोपे दार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अशा बेकायदा दत्तकाविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. कायद्याने ठरवलेली प्रक्रिया डावलून मूल दत्तक देणे-घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा, आणि मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याखाली नात्याबाहेरचे दत्तक फक्त त्या मुलाचे होऊ शकते ज्याला बालकल्याण समितीने दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केले आहे. ज्याची आई हयात आहे आणि त्याला सांभाळू इच्छिते, त्याला गरिबीमुळे आईपासून तोडणे हा उपाय नव्हे. असे एखादे मूल माहीत असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. त्याचे छायाचित्र कोठेही टाकू नये.

मुलाच्या मनात काय घडते?

साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही, म्हणून ‘बाबा लांब गेलेत’ असे सांगितले की ते वाट पाहत राहते. थोडे मोठे मूल स्वतःला दोष देते. आपण हट्ट केला किंवा बाहेर खेळायला गेलो म्हणून आजार घरात आला, असे त्याला वाटत राहते, आणि तसे घरात कोणी बोलून दाखवले असेल तर तो सल फार खोल जातो. त्यातून कोविडच्या मृत्यूंत निरोपच नव्हता. माणूस रुग्णवाहिकेतून गेला, काही दिवसांनी फोन आला, अंत्यविधीला जाता आले नाही, दहावे-तेरावेही झाले नाही. ज्या विधींनी गेलेल्याचे जाणे मनाला पटते तेच झाले नाहीत, म्हणून कित्येक मुलांचे दुःख जागच्या जागी अडकून राहिले.

मोठ्यांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. मृत्यू हा शब्द टाळू नये, मूल विचारेल तितक्या वेळा त्याच सोप्या शब्दांत उत्तर द्यावे, आणि त्याची कोणतीही चूक नव्हती हे स्पष्ट सांगावे. एकदम गप्प झालेला किंवा एकदम चिडका झालेला विद्यार्थी हा शिस्तीचा प्रश्न आहे असे शिक्षकाने गृहीत धरू नये. झोप, भूक, अभ्यास यांत दीर्घकाळ बिघाड राहिला, किंवा जगण्यात अर्थ नाही असे मूल बोलू लागले, तर समुपदेशकाची मदत लागते. त्यासाठी ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे.

कोविडचीच मुले वेगळी का काढायची?

अपघातात, सर्पदंशाने किंवा कर्करोगाने गेलेल्या बापाच्या मुलाचे दुःख कमी असते का, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. साथीच्या निमित्ताने वेगळी यादी करण्यामागे एक कारण होते: एकाच काळात इतकी कुटुंबे कोसळली की एरवी आधार देणारे शेजारी आणि नातेवाईक स्वतःच संकटात होते. ते कारण आता उरलेले नाही. साथीने जी यंत्रणा उभी केली, म्हणजे जिल्ह्याचे कृती दल, तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती, मृत्यूची नोंद होताच घरात लहान मुले आहेत का हे विचारणारी अंगणवाडी सेविका, ती यंत्रणा सर्व कारणांनी पालक गमावलेल्या मुलांसाठी कायम ठेवता येते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होतेच. त्याच वेळी एक प्रश्न जास्त विचारला तर मुलांचा अंदाज बांधत बसण्याची वेळच येणार नाही.

अठरावे वर्ष आणि त्यानंतर

अठरा पूर्ण होताच बालसंगोपनाचे अनुदान थांबते. बहुतेक मुले त्या वेळी बारावीत किंवा पहिल्या वर्षात असतात. पूर्ण अनाथांना राज्याच्या शिक्षण व नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण आहे, मात्र त्यासाठीचे अनाथ प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे लागते, आणि एकल पालकाच्या मुलांना ते लागू नाही. ‘पीएम केअर्स’ मधील मुलांना अठराव्या वर्षापासून विद्यावेतन सुरू व्हायला हवे, त्यासाठी त्यांचे खाते, आधार आणि पत्ता अद्ययावत असावा लागतो. साथीनंतर तीन-तीन घरे बदललेल्या मुलाचा पत्ता बहुधा जुनाच असतो.

मालमत्तेबाबत एक मुदत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूल अल्पवयीन असताना त्याच्या हिश्श्याची जमीन किंवा घर पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकले असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत, म्हणजे एकविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, त्याला तो व्यवहार न्यायालयात आव्हान देता येतो. त्यानंतर तो हक्क जातो. २०२१ मध्ये सातवी-आठवीत असलेल्या मुलामुलींची ही तीन वर्षे सुरू झाली आहेत किंवा सुरू होत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ही मुदत कोणी सांगितलेली नाही. बारावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला देताना कनिष्ठ महाविद्यालयाने अशा विद्यार्थ्याला सातबारा किंवा घराचा उतारा काढून पाहायला आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे एकदा जाऊन यायला सांगावे. त्यासाठी नवी योजना लागत नाही आणि नवा निधीही लागत नाही.